मे महिना रिकामा मिळालाय, लोळत हिंदी सिनेमे बघायचेत, पण बूडच टेकत नाही. काय करू?

वाळ्याची_ताटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. चौथीचा वर्ग. १ मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली, पोरं उड्या मारत पळाली आणि मी खामगावला घरी आले. त्यानंतर आजपर्यंत मला कुणाचाही फोन नाही, की आदेश नाही. गेल्या कित्येक वर्षांत असं झालेलं नाही. कधी निवडणुकीचं काम, कधी प्रशिक्षण, एका साली लेकीची बारावी, मग दोन उन्हाळे सासूबाईंच्या आजारपणात. यंदा लेक पुण्याला नोकरीत आहे, हे साडेनऊला बँकेत जातात ते संध्याकाळी सातला येतात. आमच्याकडे विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. म्हणजे हातात पुरते आठ आठवडे.

या आठ आठवड्यांत मला काहीही करायचं नाही. कपाटं लावायची नाहीत, कसला कोर्स करायचा नाही, चालायला जायचं नाही. दुपारी कूलरच्या समोर चटई टाकायची, वाळ्याच्या ओल्या ताटीचा वास घ्यायचा आणि हिंदी सिनेमे बघायचे. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. एवढंच.

आणि तेच जमत नाहीये. पहिल्या दिवशी अमोल पालेकर-उत्पल दत्तचा १९७९ चा ‘गोल माल’ लावला. वीस मिनिटांत उठून दूध फ्रिजमध्ये ठेवलं का ते बघून आले. परत बसले, तर हातात फोन. शाळेच्या ग्रुपवर कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे फोटो. ते बघेपर्यंत पडद्यावर काय झालं ते कळलंच नाही, म्हणून मागे नेलं. मग थांबवलं. मग उरलेला उद्या बघू म्हणून टीव्ही बंद. सहा दिवसांत तीन सिनेमे सुरू केले आणि एकही पुरा झाला नाही. मला खरंच वाईट वाटलं.

कारण हे मला येत होतं हो. मलकापूरला माझं आजोळ. १९८८-८९ च्या सुमाराची गोष्ट, मी दहा-अकरा वर्षांची. मामाच्या वाड्यात आम्ही चौदा पोट्टे-पोट्टी जमायचो. गल्लीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे. व्हिडिओवाला पोरगा हातगाडीवर टीव्ही गोधडीत गुंडाळून आणायचा. अंगणात टीपॉयवर टीव्ही, समोर सतरंज्या, मागे म्हाताऱ्यांसाठी बाजा, निंबाच्या फांदीवरून ओढलेली वायर. चित्राला मुंग्या आल्या की तो पोरगा ट्रॅकिंगचं बटण अर्धा-अर्धा मिलिमीटर फिरवायचा आणि आम्ही सगळे एका सुरात ‘बस, बस, बस!’ ओरडायचो. कॅसेटीच्या तळाशी जाहिरातीची पट्टी सरकत जायची. नायिका मरणाला टेकलेली आणि तिच्या हनुवटीवरून कुठल्यातरी साड्यांच्या दुकानाचा पत्ता चाललेला. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. भाडं रात्रीचं, म्हणून तीन कॅसेटी आणायच्या. पहाटेपर्यंत तिन्ही संपवायच्या.

आणि दुसऱ्या दिवशी काय, तर दुपारभर माजघरात फरशीवर उताणं पडून आदल्या रात्रीचा सिनेमा एकमेकांना परत सांगायचा. संवादांसकट. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेचा अभ्यास करताना मला त्या फरशीचा गारवा पाठीला आठवायचा.

मला ते परत हवंय. तुम्ही सिनेमा सलग कसा बघता? आणि दुपारी कुठले बघू? जुने सांगा. ज्यांच्यात कुणाला फार घाई नाही असे.

---

गच्चीवरची_गादी

ताई, फोन स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यावर ठेवा. साधा उपाय आहे, पण मला याच उपायानं गुण आला.

दुसरं, कुठला सिनेमा बघायचा ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवायचं. दुपारी रिमोट घेऊन शोधायला बसलं की पाऊण तास त्यातच जातो, आणि तोवर झोप येते. संध्याकाळची कणीकसुद्धा मी सकाळीच मळून ठेवते. एकदा ‘संध्याकाळी काय करायचं’ हा विचार डोक्यात शिरला की सिनेमा गेला.

सुरुवात १९७२ च्या ‘बावर्ची’नं करा. हृषीकेश मुखर्जींचा. एकच घर, एकच अंगण, भांडणारं कुटुंब आणि त्यात येणारा राजेश खन्ना. गोष्ट मूळची तपन सिन्हांच्या बंगाली सिनेमातली. याच्या पाट्या तुम्हाला वाचाव्या लागत नाहीत. कलाकारांची नावं अमिताभ बच्चन आवाजात सांगतो. डोळे मिटून पडल्या पडल्या सिनेमा सुरू होतो, उन्हाळ्यासाठी याहून सोय कुठली!

---

चेंजओव्हर

ताई, नमस्कार. मी भुसावळचा. १९७९ पासून २०१२ पर्यंत टॉकीजात ऑपरेटर होतो, म्हणजे मशीनवर. तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून नातवाला बाजूला बसवून हे टाइप करतोय. थोडं लांबेल.

आमचं गाव म्हणजे सी. पी. बेरार सर्किटचं, सिनेमावाटपाच्या विभागाचं, ठाणं. वितरकांच्या कचेऱ्या इथं आणि अमरावतीला. तुमच्या खामगाव-मलकापूरला जो सिनेमा लागायचा त्याची पेटी बहुतेक आमच्याकडूनच गेलेली असणार. पत्र्याची पेटी, आत गोल डबे, डब्यात रिळं. रेल्वेच्या पार्सलनं यायची, तशीच पुढच्या गावाला जायची. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. आम्ही दोन जोडून एका स्पूलवर घ्यायचो, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. ‘शोले’ २०४ मिनिटांचा. मिनिटाला नव्वद फूट धरलं तर अठरा हजार फुटांवर फिल्म होते. ती सगळी रोज चारदा या दोन हातांखालून जायची.

मशिनी दोन. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला चेंजओव्हर, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. चुकलं तर पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या. म्हणून मी सिनेमा कधी नुसता पाहिला नाही, मी कोपरा पाहिला. आजही टीव्हीवर जुनी फिल्म लागली की माझी नजर आपोआप उजवीकडे वर जाते.

आता उन्हाळ्याचं सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश. केबिनमध्ये मशीनच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जळताहेत, धूर जायला वर धुराडं, माझ्या अंगात बनियन आणि गळ्यात ओला पंचा. पण खाली हॉलमध्ये मोठे कूलर लावलेले असायचे. बारा ते तीनच्या शोला जे पब्लिक यायचं ते मी केबिनच्या भोकातून तेहतीस वर्षं पाहिलं. रात्रपाळी करून आलेले रेल्वेचे गँगमन. लग्नासाठी गावात आलेली आणि रात्रीच्या गाडीपर्यंत कुठं जावं हे न कळणारी वऱ्हाडी मंडळी, त्यात एखादी हळदीच्या हातांची पोरगी. बाजार उरकलेले शेतकरी, पायांशी पिशव्या. यातले निम्मे लोक पहिल्या दोन रिळांत झोपायचे. गाणं लागलं की उठायचे, शेजारच्याला विचारायचे, ‘काय झालं रे?’ तो सांगायचा. मग परत बघायला लागायचे. शो सुटला की चेहरे कसे धुतल्यासारखे असायचे. कुणालाही सिनेमा पुरा न पाहिल्याचं दुःख नसायचं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. सिनेमा थांबवू नका. तुमच्या लिहिण्यात तोच शब्द मला टोचला, ‘थांबवलं’. टॉकीजात सिनेमा कुणासाठी थांबत नव्हता. लघवीला गेलात, गाणं गेलं. डोळा लागला, लागला. दूध उतू गेलं तर जाऊ द्या, आल्यावर जिथं असेल तिथून बघा. मागं नेऊ नका. आपण थांबवू शकतो हे मनाला माहीत असलं की मन बसतच नाही, सारखं दाराकडे बघतं. थांबणार नाही म्हटलं की ते मुकाट्यानं चटईवर येतं.

फक्त मध्यंतर जरूर घ्या. हिंदी सिनेमा मध्यंतर धरून लिहिलेला असतो. अर्ध्यावर कुठंतरी गोष्ट अशी वळते की माणसानं उठून पाय मोकळे करावेत आणि पुढं काय होणार ते बोलावं. टीव्हीवाले ते सलग दाखवतात, म्हणून तीन तास जड वाटतात. दहा मिनिटं घ्या, सातू कालवा, प्या, या.

आणि एक सिनेमा सांगतो. मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’. १९७७ च्या २७ मेला आला, ऐन उन्हाळ्यातला. माझ्या हातून तीन वेगवेगळ्या वर्षी चालला, जुना होऊन परत लागला तेव्हा. याच्या पाट्या वीसेक मिनिटं उलटून गेल्यावर येतात. उशिरा येणारं पब्लिक अंधारात चाचपडत बसायचं, समोर पाट्या बघायचं आणि एकमेकांना म्हणायचं, ‘वेळेवर आलो.’ त्यांना माहीतच नसायचं की तीन पोरं बागेत गांधीजींच्या पुतळ्याखाली ताटातूट होऊन कधीच वेगळी झालीत. ताई, तुम्ही तसं करू नका. पहिल्या फुटापासून बघा.

---

स्पष्ट_बोलतो

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी पालक आहे. उन्हाळ्यात मुलं सगळं विसरतात. माझा मुलगा चौथीतून पाचवीत जाताना भागाकार पूर्ण विसरला होता. तुम्ही शिक्षिका आहात, हातात आठ आठवडे आहेत. गल्लीतली दहा मुलं घेऊन सकाळी एक तास वाचन घेतलंत तर केवढं होईल. सिनेमा संध्याकाळीही बघता येतो. ‘काहीही करायचं नाही’ हे वाक्य एका शिक्षिकेच्या तोंडी मला पटलं नाही.

---

पाटा_वरवंटा

@स्पष्ट_बोलतो, त्या वर्षभर पन्नास पोरांना वाचायला शिकवतात. आठ आठवडे त्यांचे आहेत. यावर मला वाद घालायचा नाही.

मला ताईंना एक विचारायचं आहे. तुमचं मलकापूरचं अंगण फार आवडलं. पोरं कुठे, म्हातारे कुठे, व्हिडिओवाला कुठे, सगळं डोळ्यांसमोर आलं. फक्त तुमच्या आई आणि माम्या कुठे बसल्या होत्या ते दिसलं नाही. विचारते, कारण माझ्या लहानपणच्या सगळ्या सिनेमांत माझी आई उंबऱ्यावर आहे. कायम उभी, एक हात चौकटीला. तिनं अख्खा सिनेमा पाहिलेला मला एकही आठवत नाही.

---

होस्टेल_रूम_१२

मी इंजिनिअरिंगला आहे, परीक्षा संपून कालच जळगावला घरी आलो. ऑपरेटरकाकांचं वाचून मला एक कबूल करावंसं वाटलं. आम्ही मित्र सिनेमे दीडपट वेगानं बघतो. गाणी पुढे ढकलतो. तीन तासांचा सिनेमा दीड-पावणेदोन तासांत. मला वाटायचं वेळ वाचतो.

काल रात्री आजीबरोबर गुलजारचा ‘अंगूर’ पाहिला, १९८२ चा. त्यात संजीव कुमार दोन आणि देवेन वर्माही दोन. आजी म्हणाली, पळवायचा नाही. त्यात देवेन वर्मा भांग घालून भजी तळतो त्या प्रसंगात कुणीच विशेष काही बोलत नाही, नुसती बघत राहतात एकमेकांकडे, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. दीडपट वेगात त्या नुसत्या बघण्याचं काहीच उरलं नसतं. ताई, ‘अंगूर’ तुमच्या यादीत घाला. आणि जमलं तर एकट्या बघू नका.

---

वाळ्याची_ताटी

सगळ्यांचे मनापासून आभार. @चेंजओव्हर काका, तुमचा प्रतिसाद मी यांना रात्री मोठ्यानं वाचून दाखवला. हे म्हणाले, मलकापूरच्या टॉकीजच्या पडद्यावरही कोपऱ्यात तो ठिपका यायचा, आम्हाला वाटायचं फिल्म जळतेय.

@स्पष्ट_बोलतो, तुमच्या मुलाच्या भागाकाराचं समजू शकते. शाळा उघडली की पहिले दोन आठवडे आम्ही उजळणीच घेतो, तो भागाकार परत येतो, काळजी करू नका. पण सुट्टीतलं रिकामपण मुलांनाही लागतं आणि मलाही. मार्चमध्ये माझा आवाज बसलेला असतो. त्याची भरपाई याच दिवसांत होते. वर्ग मी घेणार नाही.

@पाटा_वरवंटा, तुमचा प्रश्न वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले.

माझी आई मागच्या अंगणात होती. मे म्हणजे कुरडया. गहू तीन दिवस भिजलेले, वाटून गाळून सत्त्व काढलेलं, आणि ऊन चढायच्या आत कुरडया घालून व्हाव्यात म्हणून चीक पहाटे शिजवायचा. आई, आजी आणि दोन माम्या साडेतीनला उठायच्या. आमचा तिसरा सिनेमा तेव्हा अर्ध्यावर आलेला असायचा. चुलीवर मोठं पातेलं, आणि चीक असा की हात थांबला की गाठी. आई दोन्ही हातांनी ढवळायची आणि मान वळवून, पडवीच्या दारातून, वीस हातांवरचा टीव्ही बघायची. मला तिचा चुलीच्या उजेडातला अर्धा चेहरा दिसायचा. मी पेंगुळलेली सतरंजीवर, मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. सकाळी उठल्यावर वाटीत गरम चीक, त्यात दूध-साखर, आणि परत झोप.

काकांनी सांगितलेला ‘अमर अकबर अँथनी’ आम्ही मलकापूरला तिसरी कॅसेट म्हणूनच लावला होता. हे मला नक्की आठवतं, कारण मी मध्येच झोपले आणि मावसभावानं दुसऱ्या दिवशी शेवट सांगायचे माझ्याकडून दोन आंबे घेतले. म्हणजे आईनंही त्याचा उत्तरार्धच पाहिलाय. तोही ढवळता ढवळता.

आई आता अकोल्याला भावाकडे असते. चौऱ्याहत्तर पूर्ण. मी आज तिला फोन केला. म्हटलं, ये, आठ-दहा दिवस राहायला. म्हणाली, ‘काहून? काई काम हाये काय?’ मी म्हटलं, काही काम नाही. त्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘मंग येऊन काय करू?’

---

चेंजओव्हर

घेऊन या, ताई. पहिल्या फुटापासून दाखवा.

---

वाळ्याची_ताटी (दहा दिवसांनी)

कळवायचं राहून गेलं होतं. सवडीनं लिहिते.

आईला मी स्वतः जाऊन सकाळच्या पहिल्या एसटीनं घेऊन आले, ऊन चढायच्या आत. पिशवीत तिनं शेवयांचं पीठ आणलं होतं. ‘रिकामं कसं बसावं’ म्हणून. मी ते पीठ फ्रिजवर ठेवून दिलं, तिचा हात पोचत नाही तिथं. दोन दिवस ती घरात फिरत राहिली. भांडी पुसली, पुसलेली परत पुसली. मी टीव्ही लावला की दारात येऊन उभी राहायची. ‘बस ना गं’ म्हटलं की ‘बसते, बसते’ आणि उभीच. सवय किती खोल जाते बघा. घरात आम्ही दोघीच, चूल नाही, चीक नाही, तरी एक हात चौकटीला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी चटई कूलरसमोर न टाकता दारातच टाकली. बरोबर उंबऱ्याच्या आत. दोन लोड लावले. तिला म्हटलं, इथूनच बघू. तेव्हा बसली.

फोन डाळीच्या डब्यावर होता. सिनेमा तोच, ‘अमर अकबर अँथनी’.

पहिली वीस मिनिटं तिनं डोळे हलवले नाहीत. बाप तुरुंगातून सुटून येतो, घरात उपासमार, आई चिठ्ठी लिहून निघून जाते, पोरं पुतळ्याखाली. हे सगळं तिच्यासाठी नवंच होतं. तिला माहीत होता तो तीन मोठ्या माणसांचा आणि एका आंधळ्या म्हातारीचा सिनेमा. मग इस्पितळ येतं. एका आंधळ्या बाईला रक्त हवंय आणि तीन अनोळखी तरुण शेजारी शेजारी खाटांवर झोपलेत, तिघांच्या नळ्या वर एका बाटलीत जातात आणि तिथून त्या बाईच्या हातात. आणि त्याच्यावर पाट्या सुरू होतात. आई सरळ उठून बसली. माझा दंड तिनं घट्ट धरला.

‘अवं माय! तिघाइनं रगत देल्लं व्हय मायले? न वयखता?’

मी म्हटलं, हो.

‘अन् हे मले कोनी सांगतलंच नाई.’

काका, तुमचा नियम मी इथं मोडला. सिनेमा थांबवला आणि मागे नेला. तिला तो प्रसंग परत बघायचा होता. मग तिसऱ्यांदाही बघितला. तिसऱ्या वेळी ती बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली की असं रक्त देत नाहीत, तुझ्या बाबांच्या वेळी पिशवी होती. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मध्यंतर घेतलं. तुम्ही म्हणालात म्हणून सातू कालवला, गूळ घालून. ती कालवायला उठत होती, मी उठू दिलं नाही. दोघींनी वाटी तोंडाला लावून प्यायला. पुढं काय होणार ते बोललो, आणि त्यात गंमत अशी की पुढचं तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. शिर्डीच्या साईबाबांपुढच्या गाण्यात आईला दिसायला लागतं हे तिनंच मला सांगितलं. त्या पहाटेची तिची आठवण अजून ताजी आहे. म्हणाली, त्या गाण्याच्या वेळी माझा हात थांबला होता, तुझी आजी ओरडली, त्या घाण्याच्या कुरडयांत गाठी राहिल्या होत्या.

गाणं झालं, आणि मग तिला डोळा लागला. मी सिनेमा थांबवला नाही. आवाज थोडा कमी केला. कूलरची मोटर, पडद्यावर मारामारी, आणि तिचा घोरण्याचा बारीक आवाज. मीसुद्धा शेवटचा अर्धा तास अर्धवट झोपेत पाहिला. पहिल्यांदाच असं झालं की मध्ये उठून काही करावंसं वाटलं नाही.

साडेपाचला जाग आली तेव्हा टीव्हीवर दुसरंच काहीतरी चालू होतं. आई माझ्याआधी उठली होती, पण जागची हलली नव्हती. लोडाला टेकून, पाय लांब करून बसली होती. मला बघून म्हणाली, ‘त्या खलनायकाचं काय झालं शेवटी?’ मी सांगितलं.

आज सकाळी तिनं विचारलं की ‘बावर्ची’ म्हणतात तो किती वाजता लावणार. अडीचला, म्हटलं. पीठ अजून फ्रिजवरच आहे.